सामूहिक वनहक्काचा दावा: हजेरी, हद्द आणि पोच

परत आलेली फाईल उघडली की दोष बहुधा तीन जागी सापडतो: हजेरीपत्रकात, हद्दीच्या नकाशात किंवा पोचपावतीत. पुरावाच नाही म्हणून अडलेला सामूहिक दावा (म्हणजे जंगलावरच्या आपल्या हक्काची नोंद व्हावी म्हणून पूर्ण ग्रामसभेने केलेला दावा) आम्हाला क्वचितच दिसला. जंगलात पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या गावाकडे पुरावा असतोच. तो कागदावर कसा आणायचा आणि कोणत्या सभेने मान्य करायचा, इथे गाडी अडते. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामसभांसोबत दावे तयार करताना जे कळत गेलं ते इथे मांडतो आहोत. दावा करायला निघालेल्या गावांना त्याचा उपयोग व्हावा, आणि परत आलेली फाईल घेऊन बसलेल्या गावांनाही.

आधी नियमांची नवी प्रत मिळवा. वनहक्क कायदा 2006 चा, अंमल 31 डिसेंबर 2007 पासून, नियम 1 जानेवारी 2008 चे. पण 6 सप्टेंबर 2012 ला नियमांत मोठी दुरुस्ती झाली आणि कामाच्या बहुतेक तरतुदी त्या दुरुस्तीत आहेत. जुन्या पुस्तिका अजून गावोगावी फिरतात. त्यांत ग्रामसभेचा कोरम दोन तृतीयांश लिहिलेला आहे, तो आता निम्मा आहे. त्यांत वनहक्क समितीत (दावे तपासायला ग्रामसभा निवडते त्या समितीत) एक तृतीयांश आदिवासी सदस्य सांगितले आहेत, आता किमान दोन तृतीयांश लागतात. जुन्या पुस्तिकेवरून केलेली समिती दोन वर्षांनी कोणीतरी चूक ठरवतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

दुसरी गोष्ट मनात पक्की असू द्या. हा हक्क शासन देत नाही. तो गावाचा होताच, त्याची नोंद व्हायची राहिली होती, असं कायदा आपल्या प्रस्तावनेत ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द वापरून कबूल करतो. आदिवासींसाठी योजना पुष्कळ निघाल्या, पण निर्णयाची पहिली पायरी गावाच्या हाती देणारे कायदे बोटांवर मोजण्याइतके. कलम 6 प्रमाणे हक्काचं स्वरूप आणि व्याप्ती ठरवण्याची प्रक्रिया ग्रामसभा सुरू करते. म्हणून अर्जदारासारखं हात जोडून जायची गरज नाही. आपण निर्णय घेऊन तो पुढे पाठवतो आहोत, ही भाषा ठरावातही दिसली पाहिजे. ‘मिळावा ही विनंती’ असं लिहू नका. ‘ग्रामसभा मान्य करत आहे व पुढील कार्यवाहीसाठी पाठवत आहे’ असं लिहा.

कोणती ग्रामसभा?

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा गावाची, टोल्याची, पाड्याची असते. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असली तर पंचायत कार्यालयात भरणारी एकत्र सभा या कामाला चालत नाही. तिथे सगळ्या गावांच्या प्रौढांपैकी निम्मे कधीच जमत नाहीत, आणि एका गावाच्या जंगलाचा निर्णय दुसऱ्या गावाने घ्यायचं कारणही नाही. सभा त्या गावात, गोटुलात किंवा चावडीवर घ्या. वनहक्क समिती त्याच सभेने निवडायची: 10 ते 15 सदस्य, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक तृतीयांश स्त्रिया. समिती आपला अध्यक्ष व सचिव ठरवते आणि उपविभागीय समितीला (ग्रामसभेने पाठवलेले दावे पुढे तपासणाऱ्या शासकीय समितीला) कळवते. इतकंच. याच सभेत दावे मागवायचे. त्यासाठी तीन महिने असतात, आणि कारण लिहून मुदत वाढवता येते.

सभेचा दिवस

हा मुद्दा साधा वाटतो, पण निम्मे दावे इथेच कच्चे राहतात. मार्चपासून मोह टपकू लागतो. बाया पहाट होण्याआधी टोपली घेऊन निघतात आणि दुपारी थकून परततात. मे महिन्यात तेंदूपत्ता असतो, तेव्हा घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. पावसाळ्यात रोवणी. धान घरात आल्यावर कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मग उरतं काय? धानाची मळणी उरकल्यापासून मिरचीला निघेपर्यंतचे दिवस. मोठी सभा तेव्हाच घ्या. तारीख वरून येते आणि गाव धावत सभा घेतं, अशा सभेच्या हजेरीपत्रकावर पुढे हमखास बोट ठेवलं जातं.

कोरमचा हिशोब आधी करा. मतदार यादी हा आधार, पण कायदा प्रौढ सदस्य म्हणतो. अठरा पूर्ण झालेली आणि यादीत नाव न चढलेली मुलंमुली वाढवा, मयत आणि लग्न होऊन गेलेल्या मुली वगळा. समजा प्रौढ 164 निघाले. निम्मे म्हणजे 82 हजर हवेत. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, म्हणजे 82 मध्ये 28. दाव्यांवर ठराव करताना आणखी एक अट लागते: दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी यांपैकी किमान निम्मे हजर असले पाहिजेत. ठराव साध्या बहुमताने होतो.

हजेरीपत्रकात अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री की पुरुष, टोला आणि सही किंवा अंगठा, एवढे रकाने असू द्या. अंगठ्यासमोर नाव लिहिणाऱ्याची सही घ्या. आणि ही संख्या ठरावाच्या मजकुरातच उतरवा: ‘एकूण प्रौढ सदस्य 164, हजर 97, पैकी स्त्रिया 41’. फाईल तपासणारा माणूस हजेरीची पानं मोजत बसत नाही, तो ठराव वाचतो. त्यात आकडा नसेल तर ‘कोरम स्पष्ट होत नाही’ असा शेरा पडतो.

कोरम भरला नाही तर सभा तहकूब करून पुन्हा घ्या. तहकूब सभेला कोरम लागत नाही ही पंचायतीची नेहमीची रीत इथे लावू नका, वनहक्क नियमांत तशी सूट नाही. आणि सभा संपल्यावर घरोघर फिरून सह्या घेऊ नका. चौकशीत एखाद्या बाईला विचारलं जातं, सभेत काय ठरलं? ती खरं तेच सांगते, आणि मग सगळ्या गावाच्या खऱ्या हक्कावर खोटेपणाचा डाग बसतो.

सभा गोंडीत किंवा माडियात चालू द्या. मराठीत चाललेल्या सभेत तेच चार-पाच जण बोलतात, बाकीचे माना डोलावतात. इतिवृत्त मराठीत लिहिलं तरी सह्यांआधी ते सगळ्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, आणि ‘वाचून दाखवला, मान्य आहे’ हे वाक्य शेवटी लिहा. वाचन सुरू झालं की दुरुस्त्या येतातच. अमुक नाला सुटला, तमुक देवाचं ठिकाण राहिलं. त्या दुरुस्त्या हेच दाव्यातलं सगळ्यात मोलाचं.

गावात गोवारी, ढिवर, गवळी अशी बिगर-आदिवासी किंवा संख्येने थोडी घरं असतील तर त्यांनाही सभेत बोलवा आणि बोलू द्या. वैयक्तिक दाव्यासाठी इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पण सामूहिक वनसंपत्तीचा दावा पूर्ण ग्रामसभेचा असतो आणि ती घरंही ग्रामसभेत आहेत. ज्यांना आजवर कोणी विचारलं नाही अशा समाजाने मिळालेला अधिकार वापरताना आपल्यातल्या लहान गटाला बाजूला बसवू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. व्यवहारातही ते घातक ठरतं, कारण पहिली हरकत अशाच दुखावलेल्या घरातून येते.

नमुना ब आणि नमुना क

दाव्याचे फॉर्म दोन. नमुना ब सामूहिक हक्कांचा आहे: निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), गौण वनउपज (मोह, तेंदूपत्ता, बांबू अशी), मासेमारी, चराई, भटक्या पशुपालकांचा हंगामी वापर. नमुना क सामूहिक वनसंपत्तीचा, म्हणजे कलम 3(1)(i) प्रमाणे जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा. दोन्ही भरा. फक्त ब भरला तर मोह वेचायचा हक्क मिळतो, पण ते जंगल तोडायचं की राखायचं हे दुसराच ठरवतो.

नमुना क छोटा आहे. ग्रामसभा सदस्यांची यादी, नावासमोर अनुसूचित जमात की इतर पारंपरिक वननिवासी हा उल्लेख, नकाशा, कक्ष (वनविभागाने पाडलेले जंगलाचे भाग) क्रमांक, लगतची गावं आणि पुराव्यांची यादी. क्षेत्रफळाचा वेगळा रकाना नाही, तरी कार्यालयातून हेक्टर विचारले जातात. सांगायचेच तर ‘अंदाजे’ हा शब्द जोडा. नेमका आकडा लिहिला आणि वनविभागाच्या नोंदीशी जुळला नाही, की त्या फरकावरच चर्चा सुरू राहते आणि हद्द बाजूला पडते.

कक्षांबाबत आणखी एक अडचण येते. कक्ष वनविभागाने आपल्या कामाच्या सोयीने पाडलेले असतात, गावाची शीव त्यांच्या मधून जाते. पूर्ण कक्ष लिहिला तर शेजारचं गाव हरकत घेतं, सोडून दिला तर आपला भाग जातो. कक्ष क्रमांकापुढे ‘अंशतः’ लिहा आणि कोणत्या नाल्याच्या कोणत्या बाजूचा भाग ते नोंदवा. वनविकास महामंडळाकडे दिलेलं जंगल किंवा अभयारण्यातला भागसुद्धा वनजमीनच आहे. तो आपल्या शिवारात येत असेल तर दाव्यातून सोडू नका.

पुरावा

नियम 13 मध्ये पुराव्यांची लांब यादी आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणजे किमान दोन. विदर्भात सगळ्यात भक्कम कागद म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गाव कोणत्या जंगलातून जळाऊ लाकूड, बांबू, चारा आणतं ते त्यांत लिहिलेलं असतं. जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित प्रत घ्या. वनविभागाची कार्य आयोजना (जंगलातल्या कामांचा आराखडा) आणि जुन्या चराई पावत्याही चालतात. नकाशे, मतदार याद्या पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे (नियम 6), आणि ग्रामसभेने लेखी मागितलेल्या कागदांची प्रमाणित प्रत देणं संबंधित खात्यांवर बंधनकारक आहे (नियम 12). तोंडी मागू नका.

उपग्रहाचं चित्र पुराव्याला पूरक म्हणून घ्यायचं असतं, इतर पुराव्यांच्या जागी नाही. हे 2012 च्या नियमांत स्पष्ट आहे. चित्रात मोहाचं झाड कोणत्या घराचं ते दिसत नाही.

वडीलधाऱ्यांची बयानं घेताना एक चूक सर्रास होते. एकच मजकूर टाईप करायचा, झेरॉक्स काढायची आणि दहा जणांची नावं घालायची. ‘आम्ही पिढ्यान् पिढ्या जंगलाचा वापर करत आहोत’ या वाक्यात काहीच सिद्ध होत नाही. माणसाला बोलू द्या. कोणत्या दुष्काळात कोणते कंद खाऊन दिवस काढले, कोणत्या कूपची (तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या पट्ट्याची) तोड झाली तेव्हा तो किती मोठा होता, बैल कोणत्या पाणवठ्यावर नेत असत, गावपूजेला कोणत्या डोंगरावर जातात. नियमात ‘दावेदारांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं’ निवेदन असं म्हटलं आहे, आणि सामूहिक दाव्यात तर सगळं गावच दावेदार. म्हणून लगतच्या गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची बयानं घ्या. ‘हो, त्या नाल्यापलीकडे त्यांची गुरं, अलीकडे आमची’ असं शेजारी सांगतो, तेव्हा पुरावाही मिळतो आणि हद्दीचा वादही मिटतो.

पेनठाणं (गोंडांच्या देवांची ठिकाणं), देवराई, दहनभूमी, दफनाच्या जागा हे सगळं नोंदवा. ओडिशातल्या नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 ला धार्मिक व सांस्कृतिक हक्कांचा प्रश्नही ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. त्यानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. देवाचं ठिकाण दाव्यात लिहिताना संकोच करायचं कारण नाही.

हद्द चालणं

हे काम कार्यालयात बसून होत नाही. सोबत दोन जाणते म्हातारे, एक गुराखी आणि कंद-भाजी वेचणाऱ्या दोन-तीन बाया हव्यात. पुरुषांना टेकड्या आणि वाटा माहीत असतात. झरे, कुडव्याची जागा, पावसाळी भाजी कुठे उगवते, हे बायांनाच ठाऊक. पानगळ झाल्यावर चाला, म्हणजे दूरवरचं दिसतं.

उत्तरेकडून सुरू करा आणि एकाच दिशेने फिरून सुरुवातीच्या बिंदूवर या. हद्द जिथे वळते तिथे थांबा. वहीत बिंदू क्रमांक, त्या जागेचं गावातलं नाव, खूण (दगड, नाल्यांचा संगम, जुना बांध, येनाचं झाड), अक्षांश-रेखांश आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा. फोटोत वहीतला बिंदू क्रमांक दिसेल असं पहा, नाहीतर संध्याकाळी सगळे नाले सारखेच दिसतात. मोबाईलचा जीपीएस दाट झाडीत बऱ्याच मीटरने चुकतो. मोकळी जागा गाठा, अचूकतेचा आकडा स्थिरावेपर्यंत उभे रहा, मगच नोंद घ्या. सगळे बिंदू एकाच पद्धतीत लिहा. निम्मे अंश-मिनिट-सेकंदात आणि निम्मे दशांशात असले तर नकाशावर हद्द भलत्याच तालुक्यात जाते.

शेजारच्या गावांना चालायच्या दिवशीच बोलवा. जिथे दोन गावं एकच जंगल वापरतात तिथे रेषेचा हट्ट धरू नका. नमुना क मध्ये वाटून वापरायच्या जागांचा उल्लेख करता येतो. दोन्ही वनहक्क समित्यांची एकत्र बैठक घ्या आणि ठरलेलं दोन्ही ग्रामसभांच्या ठरावांत उतरवा. एकमत झालंच नाही तर प्रश्न उपविभागीय समितीकडे जातो. तिथे तो लवकर सुटत नाही, म्हणून गावातच सोडवलेला बरा.

स्थळपाहणी

वनहक्क समितीने वनविभाग आणि महसूल विभागाला पाहणीची तारीख लेखी कळवायची. त्यांनी हजर राहून कार्यवाहीवर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची असते. वनरक्षक येतो, बरोबर चालतो आणि सहीच्या वेळी ‘साहेबांना विचारतो’ म्हणतो, असं अनेकदा होतं. तेव्हा त्याची हजेरी पंचनाम्यात लिहा, सही नाकारल्याचंही लिहा आणि पंचांच्या सह्या घ्या. कोणी आलंच नाही तर तेही लिहा. नियम 12-अ इथे गावाच्या बाजूने आहे. आमचे लोक गैरहजर होते म्हणून खात्याने नंतर हरकत घेतली तर दावा फेरपाहणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि दुसऱ्या वेळीही ते आले नाहीत तर पाहणीवरचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. मात्र पहिल्या सूचनेची पोच हातात नसेल तर या नियमाचा काही उपयोग नाही.

दाखल करणं

मान्यतेची सभा झाली की उपविभागीय समितीकडे द्यायची फाईल लावा. प्रत्येक पानाला क्रमांक, वर अनुक्रमणिका, मूळ प्रत गावात आणि दोन प्रती सोबत. अनुक्रमणिकेच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. नुसत्या पत्रावर पोच घेतली तर पुढे ‘नकाशा जोडलेला नव्हता’ असं ऐकावं लागतं. फॉर्म मोफत आहेत, कुठलंही शुल्क नाही.

‘त्रुटी आहे, घेऊन जा’ असं सांगून फाईल हातात परत देणं ही सगळ्यात मोठी अडचण. घेऊ नका. दावा अपुरा असेल तर उपविभागीय समितीने तो कारणासह लेखी ग्रामसभेकडे फेरविचारासाठी पाठवायचा असतो. फेटाळायची शिफारस असेल तर ती प्रत्यक्ष कळवायची असते, आणि कळवल्यापासून 60 दिवसांत वर दाद मागता येते. लेखी काही नसलं तर हे 60 दिवस सुरूच होत नाहीत आणि दाद कशाविरुद्ध मागायची हेही ठरत नाही. उपविभागीय समितीचा निर्णय अंतिम नसतो, जिल्हा समितीचा असतो. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रात मात्र 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने त्याच्याही वर विभागीय स्तरावर अपिलाची सोय झाली आहे.

हक्कपत्र हातात आल्यावर

कार्यक्रम होतो, फोटो निघतात आणि हक्कपत्र पेटीत जातं. आधी ते वाचा. नाव ग्रामसभेचं आहे का? ग्रामपंचायतीचं किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीचं (वनविभागाच्या योजनेतल्या गावसमितीचं) असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. दावा केलेले सगळे कक्ष आले का, की फक्त संयुक्त वनव्यवस्थापनाला दिलेला तुकडा आला? कायद्यात नसलेल्या अटी खाली टाकल्या आहेत का? जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास अधिकारी या तिघांच्याही सह्या आहेत का? अंतिम नकाशा तयार करून महसूल व वन अभिलेखात नोंद जास्तीत जास्त तीन महिन्यांत व्हायला हवी, तिची प्रत मागा.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,809 हेक्टरचा हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी एक. पण स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला एप्रिल 2011 उजाडला. आज 2012 च्या नियमांनुसार गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची नियम 4(1)(e) खालची (जंगल राखण्यासाठी नेमलेली) समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते, आणि त्यावर स्वामित्वधन किंवा फी नाही. म्हणून हक्कपत्रानंतरच्या पहिल्याच सभेत ती समिती नेमा, ग्रामसभेच्या नावाने बँक खातं आणि पॅन काढा, परवान्याची पुस्तकं क्रमांकासह छापून घ्या. स्थळप्रती गावात जपून ठेवा. नाक्यावर गाडी अडली की त्याच दाखवाव्या लागतात. तेंदूच्या लिलावाची बोलणी फेब्रुवारीपर्यंत सुरू होतात, त्याआधी हे सगळं तयार असलं पाहिजे.